जेवणाच्या रकान्यातलं शून्य

मी शाळेत गणित शिकवते, एकवीस वर्षं झाली. पोरानं वहीत हातचा सोडला तर मला लांबून दिसतो. आणि आमच्या घरच्या कागदावरचं एक शून्य दिसायला मला पंधरा दिवस लागले! लाजेखातर मी हे कुणाला सांगत नव्हते. आता सांगते, ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

आम्ही चौघं परदेशात फिरून आलो. चौघं म्हणजे मी, आमचे हे, पुण्याला नोकरी करणारी आमची एकुलती एक लेक आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणते. हे इथंच जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघतात. पैसे साठवायला सहा वर्षं लागली. त्यातले निम्मे माझे होते, स्टाफरूममधल्या भिशीचे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे.

जायचं ठरल्याचं कळलं आणि लोकांच्या पोटात दुखायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीचं लग्न व्हायचंय अजून, आन् तुम्ही बँकॉकला?" मी म्हटलं, "लग्न तिचं हाये काकू, ती बघून घेईल." ह्यांच्या चुलतभावानं गावातल्या मस्तगड भागातल्या एका गाळ्याचा विषय काढला. एवढ्या पैशात त्याचं बयाणं झालं असतं म्हणे. शाळेतले एक सर तर चहा पिता पिता मला शिकवायला लागले, "मॅडम, अंथरूण पाहून पाय पसरावेत." मी म्हटलं, "अंथरूण मी शिवलंय सर, पायबी माझेच हायेत. तुम्हाला कामून थंडी वाजून राह्यली?" त्या दिवसापासून ते दुसऱ्या टेबलावर बसतात.

बजेट लेकीनं केलं. ती कंप्युटरवाली, तिनं असा देखणा तक्ता केला की ह्यांनी तो ऑफिसातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि फ्रीजवर चिकटवला. चार मुक्काम, अकरा दिवस: बँकॉक, फुकेत, क्वालालंपूर आणि शेवटी सिंगापूर. विमान, हॉटेल, व्हिसा, विमा, टॅक्सी, तिकिटं, औषधं, खरेदी, सगळ्याला रकाने. वर ठळक अक्षरात 'प्रवासी ४'. खाली बेरीज. ती आमच्या साठलेल्या पैशांत बरोबर बसत होती, वर अडीच हजार शिल्लक. कर्ज काढायचं नाही, हे आधीच ठरलेलं. हे रोज येता-जाता त्या बेरजेकडं बघून खूश व्हायचे.

जेवणाच्या रकान्यात चारही मुक्कामांपुढं शून्य होतं.

त्याचं असं झालं. ह्यांच्या ऑफिसातले एकजण आदल्या वर्षी दुबईला गेल्ते. ते म्हणाले, "सगळं परवडलं भाऊ, पण जेवणानं मारलं. दोन घास भात खाल्ला की इकडचा आठवड्याचा किराणा गेला." लगेच ह्यांनी विजेवर चालणारा छोटा कुकर आणला. सकाळचा नाष्टा हॉटेलात फुकट. दुपारचं डब्यात न्यायचं, संध्याकाळचं खोलीत करायचं. "खिचडी टाकली की झालं," हे म्हणाले. आणि मी काय म्हणाले असेल? मी म्हटलं, "मुगाचीच डाळ घेऊ, लवकर शिजते." देवाशपथ. वर मीच यादी करायला बसले: पहिल्या तीन दिवसांच्या दशम्या, धपाटे, मेतकूट, तांदूळ, डाळ, फोडणीचं सामान, भांडी घासायची घासणी. घासणीसुद्धा मीच लिहिली! यादीत शेवटी लिहिलं, 'चटण्या शहागडहून'.

शहागड माझं माहेर. माय तिथं भावाजवळ असते. चटण्या आणायला मी एका रविवारी सकाळी अंबडमार्गे एसटीनं गेले. माय ओट्यावर बसून जवस भाजत होती. शहात्तरी उलटली तिची, पण चटणी मिक्सरमधून काढू देत नाही. हायवेवरून ट्रक जात होते, ती खलबत्त्यात कुटत होती, मी शेजारी लसूण सोलत बसले. तिला मी आधीच चल म्हटलं होतं. तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून दाखवला आणि विषय संपवला. तरी तिला सगळं ऐकायचं होतं. कुठं जाणार, कशात बसणार, फुकेतला काय आहे.

"समुद्र हाये," मी म्हटलं. "तू बघितलाय की. तू रामेश्वरला गेल्तीस."

ती गेली होती तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावातल्या लोकांनी मिळून बस केली होती, काशी-रामेश्वर, अठरा दिवसांची. आमच्या खटल्यातनं आजोबा, आजी, दोन चुलते, चुलत्या निघाले. माय धाकटी सून. ती जाणार म्हटल्यावर मला केवढा अभिमान! मला मावशीकडं ठेवलं होतं, तिथल्या शाळेत मी सगळ्या पोरींना सांगितलं की माझी माय समुद्र बघून राह्यली. परत आल्यावर ती दोन दिवस झोपूनच होती. मला काही सांगितलं नाही, आणि मीही नंतर विचारायचं विसरले. पोरींना मी मनचंच काहीबाही सांगितलं.

मग इतक्या वर्षांनी विचारलं, "कसा होता गं समुद्र?"

तिचा हात थांबला नाही. "पानी लई खारं बाई तिकडचं," ती म्हणाली. "डाळच शिजंना. चाळीस मान्सं, दोन स्टो. तुझा आजा ताटापुढं बसलेला. झाली का, झाली का, सारे आपले तेच इचारायले. मी एका घरी सोडा मागाया गेले, त्यांची बोली मला कळंना, माझी त्यांना कळंना. रडू आलं मला तिथंच."

"डाळीचं नाही माय. समुद्राचं विचारून राह्यले मी."

"व्हता की," ती म्हणाली. "धर्मशाळेच्या मागंच व्हता. आवाज यायचा."

मी हातातला लसूण खाली ठेवला. म्हटलं, "म्हणजे? तू गेलीच न्हाईस बघायला?"

"जायचंच व्हतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटं बस निघायची व्हती, भाकरी बांधून द्यायच्या व्हत्या." मग तिनं दोन डबे भरले, एक जवसाचा, एक शेंगदाण्याचा, झाकणावर फडकं बांधलं आणि म्हणाली, "तिकडं हातासरशी व्हईल तुला. भाजीचा खर्चा वाचंल."

परतीच्या एसटीत ते डबे माझ्या मांडीवर होते. रडू वगैरे काही आलं नाही मला. राग आला. आजोबा कधीच गेले, ते सुटले. चुलते गेले. त्या बसमधल्या चाळीस माणसांचा राग कुणावर काढू? दोन हजार किलोमीटर नेलं माझ्या मायला, आणि भिंतीच्या अलीकडं बसवून डाळ शिजवून घेतली! अंबड येईपर्यंत मी त्या सगळ्यांना मनात जे जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही, मी शिक्षिका आहे. आणि अंबड गेल्यावर मला फ्रीजवरचा कागद आठवला. चार शून्यं आठवली. घासणी आठवली, माझ्याच अक्षरातली. तेव्हा मात्र मला माझीच अशी चीड आली की एक स्टॉप पुढं जाऊन उतरले.

घरी आले, चप्पल काढली, पर्समधला लाल पेन काढला. 'प्रवासी ४' वर काट मारली. खाली लिहिलं, 'प्रवासी ३, स्वयंपाकीण १'. आणि जेवणाच्या चारही शून्यांना गोल केले, पोरांच्या वहीत करते तसे.

रविवारी संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल असतो. ह्यांनी मोबाईल फळीवर टेकवला, आणि मागं वळले तेव्हा त्यांना कागद दिसला.

"हे काय केलंस?"

"तपासला. चुकलाय. पुन्हा सोडवा."

"कुठं चुकलाय? बेरीज बराबर आहे."

"बेरीज बराबर येऊन राह्यली, कारण माझी मजुरी धरलेली न्हाई. अकरा दिवस दोन वेळचा स्वयंपाक कोण करणार? मी. मग मी प्रवासी कशी? माझं तिकीट स्वयंपाकाच्या खर्चात टाका, आन् बाकीचा खर्च तिघांत वाटा, माझी भिशी वगळून. मंग बघा तुमची बेरीज."

"अगं, घरच्या माणसाची कुठं मजुरी लावतात का?"

"न्हाई लावत! म्हणूनच तर घरच्या माणसाला न्यायचं सुचतं."

फोनमधून लेक म्हणाली, "मम्मी, खिचडी तर आहे फक्त. अर्ध्या तासाचं काम."

"अर्ध्या तासाचंच आहे ना? मग तू कर."

"मला कुठं येते?"

"मीही आईच्या पोटातून शिकून नव्हते आले."

मग ह्यांनी हुकमाचा पत्ता काढला. आवाज खाली आणून म्हणाले, "माझं सोड. पण आईला बाहेरचं चालत न्हाई. तिचं काय करायचं, ते सांग."

आत्या कोपऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. माझ्याशी त्यांचं फार गूळपीठ आहे असं काही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतात. म्हणून मी मनातून म्हटलं, झालं, आता ह्या बोलणार. त्यांनी मेथीची काडी मोडली आणि लेकाकडं बघून म्हणाल्या, "मला इचारलं का रे कुणी? बावन्न वर्षं झाली, एकतर माझ्या हातचं खाती न्हाईतर हिच्या हातचं. तिकडं म्हणे नारळाच्या दुधातला भात भेटतो. टीव्हीत दाखवला. मला तो खायचाय. कुकर तू घिऊन जाय तुझा."

मी हसले नाही, महत्प्रयासानं. पण हसून पैसे येत नव्हते. कागद घेऊन बसले आणि जेवणाचा खरा हिशेब केला, दोन वेळा, चार माणसं, अकरा दिवस, साध्यात साधं. पन्नास हजारांच्या वर गेला. शिल्लक होती अडीच हजार. खरेदीचा रकाना आधी उडवला, टॅक्सीच्या जागी बस घातली, तरी भागेना. काहीतरी मोठं कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि सगळ्यात महाग मुक्काम होता सिंगापूरचा. फोनच्या पडद्यावर लेकीचा चेहरा उतरलेला दिसत होता.

"मम्मी, सिंगापूर सोडून काहीही," ती म्हणाली.

सिंगापूर तिचंच होतं. कॉलेजात असल्यापासून तिच्या मोबाईलवर तिथल्या रात्रीच्या दिव्यांचा फोटो होता. आणि तिचेही पैसे होते ह्यात, पहिल्या पगारापासून बाजूला काढलेले. मी आई आहे, मला दिसत होतं सगळं. खोटं कशाला सांगू, पेन हातात धरून मी बराच वेळ बसले. एकदा वाटलं, जाऊ दे, खिचडीच तर आहे. अर्ध्या तासाचं काम. मग वाटलं, मायलाही असंच वाटलं असेल, भाकरीच तर आहेत. मी पट्टी लावली आणि सिंगापूरवर सरळ रेघ ओढली.

लेकीनं फोन ठेवला. आठ दिवस बोलली नाही. ह्यांच्याशी बोलायची, आत्यांशी बोलायची, माझ्यापर्यंत फोन आला की रेंज जायची. हे मला म्हणाले, "पोरीचं मन मोडलंस एका खिचडीपायी." मी म्हटलं, "मोडलं. जोडून घेऊ. पण कागद बदलणार न्हाई." रोज शाळेत जाताना तिला मेसेज लिहायचे आणि खोडायचे. माफी मागायची नव्हती मला, कारण चूक माझी नव्हती. पण घास गोड लागत नव्हता हेही खरं.

नवव्या दिवशी मोबाईलवर नवा तक्ता आला. तीन मुक्काम, नऊ दिवस, प्रवासी चार. जेवणाच्या रकान्यात तीन आकडे, आणि शाकाहारी जेवण कुठं मिळतं त्याची यादी. खाली एकच ओळ होती, 'तपासून द्या'. मी तपासला. एका ठिकाणी बेरीज दोनशेनं चुकली होती. ती दुरुस्त केली, बरोबरची खूण केली आणि फोटो काढून पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला, म्हणाली, "दोनशेच चुकले ना?" मी म्हटलं, "दोनशे म्हणजे तुझ्या आजीचा नारळाचा भात." मग आम्ही दोघी हसलो.

मुंबईच्या विमानतळावर धाकट्या दिरांनी गाडीनं सोडलं. काउंटरवर ह्यांची बॅग तीन किलो जास्त भरली. ह्यांचा चेहरा मला लांबूनच कळतो. म्हटलं, उघडा. उघडली. बनियनच्या घड्यांत कुकर! शेजारी मूगडाळ, तांदूळ, आणि एका पिशवीत ती घासणी.

"म्हटलं असू द्यावा," हे म्हणाले. "वेळ काय सांगून येती का?"

"कुणाची वेळ?" मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मागची सगळी रांग बघून राह्यली होती, बघू द्या. आत्यांनी कपाळाला हात लावला. लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही पण ना!" काउंटरवरच्या पोरीनं तीन किलोचे किती पैसे पडतील ते सांगितलं, आणि ह्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. कुकर त्याहून स्वस्त होता. दारावरच्या जवानाला हात जोडून जोडून ह्यांनी तो, डाळ-तांदळासकट, बाहेर थांबलेल्या दिरांच्या हातात दिला आणि परत आले, तेव्हा बॅग बरोबर बसली. मायचा चटणीचा एक डबा मात्र मी नेला. चटणीला कुकर लागत नाही.

तिकडं सगळं गोड-गोड झालं असं सांगणार नाही. बँकॉकला पहिल्या दिवशी कशातच चव लागेना, वासानंच मळमळलं, आणि आम्ही पाव, केळी आणि जवसाची चटणी खाऊन झोपलो. हे म्हणाले, "खिचडी असती तर..." मी म्हटलं, "असती," आणि पांघरूण ओढलं. दुसऱ्या दिवसापासून जमलं. क्वालालंपूरला आत्यांनी नारळाचा भात सलग तीनदा खाल्ला, वाढणाऱ्या पोराच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, त्याला काही कळलं नाही. लेकीला मी एकदा विचारलं, सिंगापूर आठवतं का? ती म्हणाली, "आठवतं. पुढच्या वेळी." तोंडदेखलं नव्हतं ते.

फुकेतला पहाटे पाचला जाग आली, सवयीनं. हात आपोआप उशाशी ठेवलेल्या आकड्यांकडं गेले, अंबाडा घातला, पदर खोचला. आणि मग करायला काही नव्हतं. मी तशीच उठून समुद्रावर गेले. गुडघाभर पाण्यात उभी राहिले. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची, मी परत पाय रोवायचे. ऊन चढलं, नऊवारीतल्या आत्या लांबून हाका मारत होत्या की काळी पडशील, तरी मी निघाले नाही. झाली का, झाली का, असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं. भूक लागली तेव्हा परत आले आणि आयतं खाल्लं.

आल्यावर पहिल्याच रविवारी शहागडला गेले. माय ओट्यावरच होती. तिला मोबाईलवर फोटो दाखवले. विमान बघून ती म्हणाली, "बारीकच हाये की." आत्यांचा भाताचा फोटो बघून पदर तोंडाला लावून हसली. समुद्राचा मी लांबलचक व्हिडिओ काढला होता, तो लावला तेव्हा तिनं पडद्याकडं बघितलंच नाही. मान खाली घालून ऐकत राहिली. "व्हय," म्हणाली, "असाच आवाज."

मग तिनं मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "पानी कसं व्हतं तिकडचं? डाळ शिजायची का बराबर?"

"माहीत न्हाई, माय," मी म्हटलं. "मी शिजवलीच न्हाई."

"येक दिवस बी?"

"एक दिवस बी."

ती माझ्या हातांकडं बघत बसली. हायवेवरून दोन-तीन ट्रक गेले. मग तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि मोबाईल उचलून माझ्यापुढं धरला.

"लाव ते पुन्यांदा," ती म्हणाली. "आता बघती."